रंगूबाईंचा डबा

मित्रांनो, मी एक जुना स्टीलचा डबा आहे. अडीच किलो चिवडा माझ्यात आरामात मावतो. तळाला एक पोचा आहे, पण तो बसल्यावर दिसत नाही. माझ्या पोटावर ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत एक नाव कोरलेलं आहे : 'सौ. रंगूबाई नाथाजी थोरात, आष्टा'. ज्या दिवशी दुकानदाराने मशीन घरघरवून हे नाव घातलं, त्या दिवशी मला गुदगुल्या झाल्या आणि मी डबा होतो तो थोरातांचा डबा झालो.

थोरातांकडे उसाची शेती, माणसांचा राबता आणि रंगूबाईंचा हात मोकळा. त्यामुळे मी क्वचितच घरी असायचो. आज शेंगदाण्याचे लाडू घेऊन पोस्टमनकडे, उद्या धपाटी घेऊन रानात. सगळ्यांत जास्त फेऱ्या मात्र मागच्या दोन खोल्यांत होत. तिथे पद्मा नावाच्या शिक्षिका भाड्याने राहत. त्यांची लेक भार्गवी तर रांगत येऊन माझंच झाकण वाजवायची. फार कौतुकाचे दिवस होते ते.

पुढे पद्माताईंची बदली झाली आणि त्या सांगलीजवळ माधवनगरला राहायला गेल्या. चार वर्षांपूर्वी दिवाळीत त्या आष्ट्याला आल्या, तेव्हा रंगूबाईंनी मला करंज्यांनी भरून त्यांच्या पिशवीत घातलं. करंज्या चार दिवसांत संपल्या. मी घासून-पुसून तयार होतो. पण डबा रिकामा परत कसा द्यायचा? पद्माताई म्हणाल्या, "बेसनाचे लाडू करीन आणि भरून देईन."

लाडू झाले, पण पाहुणे आले आणि लाडू गेले. मग ठरलं, संक्रांतीला तिळगूळ. तो राहिला. मग वाटलं, एवढा उशीर झाला, आता नुसत्या लाडवांनी कसं भागेल, सोबत साडी हवी. साडी आणायची राहिली. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. रंगूबाई अंगणात पडून पाय मोडून बसल्या, तेव्हाही पद्माताई गेल्या नाहीत. डबा न घेता जायची लाज आणि रिकामा न्यायचीही लाज! मग फोन करायचीही लाज वाटू लागली. मला खरंच राग आला होता. एवढ्या शिकलेल्या बाई, शाळेत मुलांना तासनतास समजावतात, आणि एका डब्यापुढे हात टेकतात!

मी माळ्यावर गेलो. माझ्यात रबरबँड, फुलवाती आणि एक वाळलेला मेंदीचा कोन आला. कुठे करंज्या आणि कुठे हे!

यंदाची दिवाळी संपली. पुण्याला नोकरी करणारी भार्गवी परत निघायच्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरात शिरली आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. ओट्यावर मिठाईचे सात रिकामे खोके, तळणीच्या तेलाने चिकट झालेली कढई, चिवड्याचा चुरा, सोऱ्याच्या चकत्या आणि झाकणं हरवलेले डबे. डबे हरवलेली झाकणंही होती.

"आई, एक तास. मी मोबाईलवर गजर लावते," ती म्हणाली. "तीन ढीग करायचे. ठेवायचं, द्यायचं, भंगारात घालायचं. विचार करत बसायचं नाही."

मायलेकी कामाला लागल्या. खोके दारात गेले. चुऱ्याची मिसळ करायचं ठरलं. कढईत गरम पाणी आणि सोडा पडला. अर्ध्या तासात ओटा दिसू लागला, आणि मग भार्गवीची नजर माळ्यावर गेली. तिने मला खाली काढलं, आतलं सगळं ओतून टाकलं, तळाचा पोचा पाहिला आणि सरळ भंगारात टाकलं. मित्रांनो, माझा टणकन आवाज झाला. तो आदळल्याचा नव्हता, भीतीचा होता.

"अगं, तो नको!" पद्माताई ओरडल्या. "तो आक्कांचा आहे. भरून द्यायचाय."

भार्गवीने नाव वाचलं. "आष्ट्याच्या आज्जींचा? अजून आपल्याकडे?"

"पुढच्या दिवाळीला देऊ. आता फराळ संपला."

भार्गवीने मोबाईलमध्ये आष्ट्याचा नंबर शोधला. तिने फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"कोण? भारगवी व्हय गं? लय दिसानं आठवण झाली! मी उद्या चालले बाई. आमच्या पोरानं, पृथ्वीराजानं, तिकडं जबलपूरला ऱ्हायला क्वाटर घेतलंया. पाय दुखतुया, एकटी ऱ्हाऊ नगं म्हणतुया. आता परत कवा येणं हुतंय कुणाला ठावं."

पद्माताईंनी ओल्या हातांनीच चपला घातल्या. त्या कुलूप लावत होत्या तेव्हा आत ओट्यावर राहिलेल्या मोबाईलचा गजर वाजला. भार्गवीने तो आणला आणि बंद केला. निम्मं स्वयंपाकघर तसंच राहिलं. मी स्कूटरवर दोघींच्या मध्ये, अगदी रिकामा.

आष्ट्याला रंगूबाई घराच्या पुढच्या सोप्यात बसल्या होत्या. पद्माताई उंबऱ्यातच थांबल्या. मला त्यांनी पदराआड धरलं होतं. "आक्का, डबा राहिला होता. भरून आणायचा होता. चार वर्षं जमलंच नाही. आजही रिकामाच आणलाय."

रंगूबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"डब्यापायी आली न्हाईस?" त्या म्हणाल्या. "अगं बया! मी चार वर्सं हिथं बसून आठवत हुते, माझं काय चुकलं. करंज्या कडू झाल्या का, का बोलण्यात काय वाईट बोलले. पृथ्वीराजालाबी इचारलं. त्यो म्हणला, आये, तू काय बोलली न्हाईस. तरी मला झोप येईना."

पद्माताई तिथेच खाली बसल्या आणि रडू लागल्या. रंगूबाई त्यांच्या डोक्यावर हात फिरवत म्हणाल्या, "रिकामा हाय ते बरं झालं. मला वाटंला चटणी न्यायचीय. ऊठ, शेंगदाणं कुटाय लाग." मग तिघी हसत हसत कुटू लागल्या, आणि मी चटणीने गळ्यापर्यंत भरलो.

आता मी जबलपूरला असतो. मित्रांनो, दिवाळीनंतर घर आवराल तेव्हा दुसऱ्याचं नाव असलेला डबा हाती लागला, तर तो पुन्हा माळ्यावर ठेवू नका. घासा, पुसा आणि रिकामा का होईना, त्याच दिवशी नेऊन द्या. तिकडे कुणीतरी आपलं काय चुकलं ते आठवत बसलं असेल.