रांजणावरचा सीमेचा दगड

माझ्या सासूबाई, नोंग सुयिन, बांबूचे कोंब आंबवायच्या. त्यांच्या कोंबांची ख्याती आमच्या बानलेई गावातच काय, डोंगरापलीकडे व्हिएतनामातही होती. कोंब दबून राहावेत म्हणून रांजणात वर फळी आणि फळीवर दगड. त्या दगडावर अक्षरं कोरलेली होती. बादशहाच्या काळात आमच्या अंमलदारांनी आणि पलीकडच्या फ्रेंचांनी मिळून सीमेवर जे दगड पुरले, त्यातल्या एकाचा हा वरचा तुकडा.

खालचा तुकडा सुहे मावशींकडे. सासूबाईंची ही धाकटी बहीण सीमेवरच्या ओढ्यापलीकडे, व्हिएतनामात दिलेली. तिच्या लग्नात वऱ्हाड, डुकरं, दारूचे घडे सगळं बिनधास्त ओढा ओलांडून गेलं होतं. पुढे दोन देशांची लढाई झाली, ओढ्याकाठी सुरुंग पेरले गेले आणि कित्येक वर्षं बहिणींची भेट नाही. वाट मोकळी झाली त्या दिवशी दोघी ओढ्यात उभ्या राहून गळ्यात गळा घालून रडल्या. रडणं आटोपल्यावर दोघींची नजर एकदमच पुरात वाहून आलेल्या त्या दगडावर पडली. एकीला तो रांजणासाठी हवा, दुसरीला कपडे धुवायला. ओढाओढीत दगड खडकावर आपटला आणि दुभंगला. आपापला तुकडा उचलून दोघी घरी गेल्या, त्या पुन्हा बोलल्या नाहीत. लढाईला जे जमलं नव्हतं ते दगडानं करून दाखवलं.

आणि मग सीमेचे जुने दगड शोधत दोन्ही देशांचे मोजणीवाले आले. आमचे लुओ साहेब, त्यांचे विन्ह साहेब. दुपारी आमच्याकडे जेवायला बसले. विन्ह साहेबांना कोंब इतके आवडले की आणखी घ्यायला ते स्वतःच रांजणापाशी गेले, आणि तिथूनच ओरडले. त्यांना हवा असलेला दगड फळीवर अक्षरं वर करून पडला होता.

"आजी, हा सरकारी दगड आहे!" लुओ साहेब म्हणाले. मी ते सासूबाईंना आमच्या बोलीत सांगितलं.

"मग इतकी वर्षं सरकार काय करत होतं? कोंब मी दाबले."

दगडाचा क्रमांक खालच्या तुकड्यावर होता. शिवाय तो मुळात कुठे उभा होता हे सांगायला दोन्हीकडचा एकेक साक्षीदार हवा होता. लहानपणी त्या दगडाला म्हशी बांधणाऱ्या या दोघीच काय त्या उरलेल्या.

"तिनं आधी माझ्याकडे यावं," सासूबाई म्हणाल्या.

मावशींचा निरोप आला, "तिला म्हणावं, पाय मोडलेत का?"

शेवटी भेट ठरली ती ओढ्याच्या मधोमध. आमची झुआंग बोली दोन्ही साहेबांना कळेना, म्हणून दुभाषी मी.

"दगड तुझ्या धसमुसळेपणानं फुटला," सासूबाईंनी सुरुवात केली.

"आणि तू हावरट! आईच्या ताटातलं मांससुद्धा सोडत नव्हतीस."

"काय म्हणतायत?" लुओ साहेबांनी विचारलं.

"जुन्या आठवणी काढतायत," मी म्हटलं. दोन्ही साहेबांनी समाधानानं मान डोलावली.

दोघी भांडत भांडतच डोंगर चढल्या. एक म्हणे जागा डावीकडे, दुसरी म्हणे उजवीकडे. साहेबलोक यंत्रं खांद्यावर घेऊन मागे धापा टाकत होते. चक्रफुलाच्या एका जुन्या झाडाखाली मात्र दोघी एकदम थांबल्या.

"आई इथंच बसवून जायची ना गं आपल्याला?" मावशी हळूच म्हणाल्या.

"हो. आणि तू रडायचीस."

"तू चिमटे काढायचीस म्हणून!"

सासूबाई हसल्या. मग खाली बसल्या. मावशीही टेकल्या. एकीनं कमरेची पानात बांधलेली भाताची पुरचुंडी सोडली, दुसरीनं उकडलेलं अंडं काढलं. आई, म्हशी, मेलेले नवरे, सगळ्यांचा समाचार सुरू झाला.

विन्ह साहेबांनी नकाशा पाहिला, यंत्र लावलं, पुन्हा नकाशा पाहिला. म्हणाले, "जागा बरोबर आहे. पण सीमेचा नवा खांब नेमका त्या बसल्यात तिथंच येतो."

मी सासूबाईंच्या कानात सांगितलं.

"थांब म्हणावं," त्या अंडं सोलत म्हणाल्या. "आत्ता कुठे आम्ही तिच्या लग्नापर्यंत आलोय."

दोन्ही साहेब उन्हातून हटून सावलीत गेले आणि टोप्या तोंडावर घेऊन आडवे झाले.