रेडिएटरातलं अंडं

झाकणाच्या रबराला नखाएवढं पांढरं काहीतरी चिकटलं होतं — उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं... व्हर्लिननं खरवडून हुंगलं, तर ते उकडलेल्या अंड्याचं पांढरंच निघालं.

म्हणजे आर्लो. गळती बुजवायला रेडिएटरात अंडं फोडणारा गाढव अख्ख्या विस्कॉन्सिनात एकच असावा, आणि तोही आपलाच धाकटा भाऊ! बापाला पुरून तीन आठवडे झाले होते. मृत्युपत्रात ही पंचेचाळीस वर्षांची पिकअप व्हर्लिनच्या नावावर — मार सोडला तर बापानं त्याला दिलेली ही एकुलती एक वस्तू — आणि तीन आठवड्यांत आर्लोनं चारा ओढून ओढून तिचं इंजिन शिजवलं होतं. पाना हातातच होता, चांगला वजनदार. बैलाला कपाळावर नेमकं कुठं हाणायचं ते बापानं शिकवलं होतं. भावाला कुठं, ते शिकवायचं राहून गेलं... पण कपाळ चालून जाईल.

मात्र आधी खात्री. खून करायचा तर रीतसर.

गाडीखाली थेंब नव्हता, तरी चार लिटर पाणी गायब. धूर पांढरा, दाट, पाकासारखा गोड वासाचा. प्लग काढले तर सात काळेकुट्ट आणि एक धुतल्यासारखा लख्ख — पाणी तिथंच जळत होतं. प्लग परत बसवून त्यानं गोठ्यात दूध काढताना घालायचा निळा रबरी हातमोजा रेडिएटरच्या तोंडावर ताणला, इथं सगळेच ताणतात तसा, आणि चावी फिरवली. गॅस्केट फाटलं असेल तर इंजिनातली हवा पाण्यात घुसते आणि मोजा फुगतो.

फुगला. आधी तळवा, मग अंगठा, मग एकेक बोट — बॉनेटखालून एक निळा हात ताठ उभा राहिला, थरथरत, उगारलेला...

हेच अंगण. तो सोळाचा, गाडी वाटेत उकळलेली, वाफेतून बाप शांतपणे विचारतोय, "पाणी बघितलं होतंस?" नव्हतं बघितलं. "हात ठेव इथं." आणि बॉनेट खाली. मग उघडून, नीट बसलं नाही म्हणून, पुन्हा एकदा. तेव्हापासून डाव्या हाताची दोन बोटं वाकडी — आणि एकतीस वर्षं त्याला ते रास्त वाटत आलं होतं. पाणी मीच बघितलं नव्हतं. मीच.

त्यानं इंजिन बंद केलं. हात उभाच.

"कुणाला टाटा करतोय तो?" गोठ्यातून आर्लो आला.

व्हर्लिननं पाना उचलला. "रेडिएटरात अंडं तू घातलंस."

"मी? अरे, म्हातारा घालायचा! दर ईस्टरला एक. तुझं लायसनही नव्हतं तेव्हापासून. टॉर्च मी धरायचो."

"खोटं बोलू नकोस."

"गळकीच होती रे गाडी. नव्या रेडिएटरला पैसे कोण देणार? म्हणायचा, थोरल्याला सांगितलंस तर बघ." आर्लोची नजर व्हर्लिनच्या डाव्या हातावर गेली आणि तिथून लगेच निघाली. "त्या दिवशी सांगणार होतो मी, दादा. गळत होती, तुझी चूक नव्हती... पण मी दहा वर्षांचा होतो. आणि माझी बोटंही दहाच होती."

पाना वरच होता. खाली आणायचा तर कुणावर? बाप चर्चमागे, चांगल्या सुटात, दोन्ही हात छातीवर, बोटं सगळी सरळ... त्याला उकरून काढायचं, तर फावडं आर्लोच्या गाडीत. आर्लोवर? त्यानं डोळे मिटून घेतले होते आणि कपाळ बैलासारखं थोडं पुढं केलं होतं — हे त्याला कुणी शिकवलं?

मोजा अजून उतरला नव्हता. आणि त्याच्यासमोर, सत्तेचाळिसाव्या वर्षी, आपण खांदा चोरून उभे आहोत हे व्हर्लिनच्या ध्यानात आलं. त्यानं तो सरळ करून पाहिला; होईना. वाकडी बोटं मात्र प्रथमच दुखत होती — शिक्षेसारखी नाही, नुसतीच, कुठल्याही बोटांनी दुखावं तशी — आणि पाना हातात इतका हलका वाटत होता की त्याला स्वतःचीच भीती वाटली.