टँकर म्हणजे बाप

बेळ्ळंदूरच्या सिग्नलला ऑफिसची कॅब रोजच्यासारखी मरून पडली होती आणि मागच्या सीटवर कावेरी स्वतःच्याच अल्बमचं परीक्षण वाचत होती.

'ओला टॉवेल' या जोडीचा हा दुसरा अल्बम, 'लिफ्ट बंद आहे'. कावेरी गाते आणि लिहिते, निहार वाजवतो आणि बाकी सगळं करतो. दोघांचं लफडं नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, लोकांना तेवढंच ऐकायचं असतं. पहिल्या अल्बमला कुत्र्यानंही हुंगलं नव्हतं. हा दुसरा गुरुवारी नेटवर चढला आणि शुक्रवारी सकाळी त्याच्यावर थेट मुग्धाचा लेख! मुग्धा म्हणजे पुण्याहून येऊन व्हाइटफील्डला स्थायिक झालेली आणि मराठी इंडी संगीतात जिवंत कोण, मेलं कोण हे घरबसल्या ठरवणारी बाई. एरवी अडीच तारे देताना तिचा जीव जातो. इथे साडेचार दिले होते.

कावेरीला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. तिसऱ्या परिच्छेदापर्यंत.

'शीर्षक आहे "खांद्यावरून", पण गाण्यात खांद्याचा पत्ताच नाही,' मुग्धानं लिहिलं होतं. 'कावेरी गाते, "टँकर आला नाही, आला नाही, निहार मोजे उचल." हा अभावच बोलका आहे. टँकर म्हणजे न येणारा बाप. स्थलांतरित मुलीच्या घशाची कोरड इतक्या निर्दयपणे मराठीत आजवर कुणी गायली नव्हती.'

कावेरीनं ती ओळ परत वाचली. हे शब्द अल्बममध्ये असायलाच नको होते.

त्यांची गाणी अशी होतात. निहार आधी चाल बांधतो. मग चालीचं माप कळावं म्हणून कावेरी तोंडाला येईल ते बरळते. त्याला डमी शब्द म्हणतात. सगळेच तसं करतात, फक्त कबूल कुणी करत नाही. सर्जापूर रोडला निहारचा फ्लॅट आहे, त्यातल्या एका खोलीत कपाटाला गोधड्या लावून हे बरळणं चालतं. ज्या दिवशी चौथ्या गाण्याचं बरळणं झालं त्या दिवशी सोसायटीत पाणी नव्हतं आणि माइकखाली निहारचे मोजे पडले होते. ते सगळं गाण्यात आलं. नंतर तिनं खरे शब्द लिहिले. सहा महिने घासले, खोडले, परत लिहिले. चांगल्या स्टुडिओत जाऊन गायले. चौथं गाणं तिच्या बापाचं होतं.

आणि निहारनं डमी अल्बम पाठवला होता.

ती ऑफिसात गेलीच नाही. कॅबमधून मध्येच उतरून रिक्षा केली. निहार वर्क फ्रॉम होम म्हणून बर्म्युडावर बसला होता.

"साडेचार!" दार उघडताच तो ओरडला.

"कुठले शब्द आहेत त्यात?"

"कशात?"

"अल्बममध्ये, घोड्या!"

त्यानं लॅपटॉप उघडला. दोन फोल्डर होते. एकाचं नाव 'फायनल', दुसऱ्याचं 'फायनल खरं'. त्यानं पहिलं पाठवलं होतं, कारण त्याच्या मते ते आधीचं होतं आणि आधीचं तेच मूळचं.

"अरे, पण मिक्स करताना ऐकलंस ना? दिवसरात्र ऐकत होतास."

"शब्द मला ऐकूच येत नाहीत यार. व्होकल्स म्हणजे माझ्यासाठी टेक्श्चर, आवाजाचा नुसता पोत."

"मी टेक्श्चर?"

"चांगलं टेक्श्चर."

"तुझं नाव घेऊन बोंबलतेय मी गाण्यात. निहार मोजे उचल! तेही नाही ऐकू आलं?"

"ते तू नेहमीच म्हणतेस ना," निहार प्रामाणिकपणे म्हणाला. "मला वाटलं, बॅकग्राउंड."

त्याला मारायला तिनं हेडफोन उचलला आणि परत ठेवला, कारण तिचंही चुकलंच होतं. पाठवण्याआधी एकदा ऐक, असं त्यानं सांगितलं होतं. तिच्या ऑफिसात नवीन ॲपच्या लाँचची बोंब चालली होती, आणि 'पाठव रे, झालं ते झालं' असं तिनंच टाइप केलं होतं. सहा महिने शब्द घासणाऱ्या बाईनं शेवटचा अर्धा तास दिला नव्हता.

"बदलून घे," ती म्हणाली.

"आठवडा लागतो. आणि बदलायचं कशाला? वेड लागलंय का तुला? लोकांना आवडतंय!"

लोकांना आवडत होतं हे खरं. संध्याकाळपर्यंत आणखी तीन परीक्षणं आली. एकानं 'स्वल्प थांब, इडली गार' या ओळीत मराठी आणि कन्नड या दोन भाषांच्या सीमेवरचा तणाव पाहिला. दुसऱ्याला पहिल्या गाण्यातलं लिफ्टपाशी बसलेलं कुत्रं म्हणजे मध्यमवर्ग वाटला. तिसऱ्यानं मुग्धाचंच उचलून थोडं हलवून ठेवलं होतं. यातल्या एकालाही गाणारीला फोन करून 'बाई, हे काय आहे?' असं विचारावंसं वाटलं नाही. विचारलं की लिहायला काही उरत नाही.

मग निपाणीहून फोन आला.

कावेरीचे वडील आप्पाजी. सगळी निपाणी त्यांना आप्पाजीच म्हणते, तीही. लग्नाच्या बँडमध्ये त्यांनी आयुष्यभर क्लॅरिनेट वाजवली. दिसायला रुबाबदार, आणि ते स्वतःला पक्कं ठाऊक. 'माझ्या गाण्यात तुम्ही आहात' असं लेकीनं सांगितल्यापासून अर्ध्या गावाला त्यांनी आमंत्रण दिल्यासारखं सांगून ठेवलं होतं.

"कावे, आपला शेजारचा दयानंद तो लेख चौकात मोठ्यानं वाचायला होता. टँकर म्हंजे मी?"

"तसं नाही आप्पाजी, ते..."

"आणि मी येत न्हाई म्हणं. कुटं येत न्हाई मी? हॉस्टेलवर तुझी गादी डोक्यावर घेऊन कोण आलतं? तुझा मामा?"

"अहो, ते शब्द चुकून गेलेत."

"चुकून कसं? छापून आलंय. रविवारी तुमचा कार्यक्रम हाय न्हवं? येतो मी. बघू दे त्या लिहिणाऱ्या बाईला."

फोन बंद. समजूत घालणं ही गोष्ट आप्पाजींच्या बाबतीत होत नाही.

रविवारचा कार्यक्रम म्हणजे व्हाइटफील्डच्या एका कॅफेत वरच्या मजल्यावर अल्बमविषयी गप्पा. गप्पा मारणार मुग्धा. समोर पुणे-मुंबई-नागपूरहून आलेली, आठवडाभर हिंदीत मीटिंगा करून मराठीला भुकेलेली आयटीतली मंडळी, हातात कोल्ड कॉफी. निहारनं पायऱ्यांवर कावेरीचा दंड धरला.

"हे बघ, एका मोठ्या म्युझिक फेस्टिव्हलवाल्यांचा मेसेज आलाय. मुग्धा म्हणेल त्याला फक्त हो म्हण. एक तास. पाया पडतो."

"माझा बाप बसलाय तिथं."

आप्पाजी शेवटच्या रांगेत बसले होते. इस्त्रीचा पांढरा सदरा, गॉगल, केसांना ताजा कलप, त्यातला थोडा कपाळावर ओघळलेला. समोर कुणीतरी कोल्ड कॉफी ठेवली होती, तिच्याकडे ते संशयानं बघत होते.

मुग्धानं सुरुवात गोड केली. पहिल्या तीन गाण्यांना कावेरी खरंच हो म्हणाली. कुत्रं म्हणजे मध्यमवर्ग? हो. इडली म्हणजे सीमाप्रश्न? हो, असू शकेल. निहार तिच्याकडे पाहून भक्तासारखा हसत होता.

"आता 'खांद्यावरून'," मुग्धा माइक जवळ घेऊन म्हणाली. "मला सांग, न आलेल्या बापाविषयी इतकं कोरडं गाताना तुला त्रास झाला असेल ना?"

शेवटच्या रांगेत गॉगल उतरला.

"मॅडम, तो टँकरच आहे," कावेरी म्हणाली. "पाण्याचा. सोसायटीत पाणी नव्हतं. ते डमी शब्द आहेत. चुकीचं फोल्डर गेलं."

सगळे हसले. मग टाळ्या. मुग्धानं डोळे मिटले.

"किती सुंदर! कलाकार स्वतःच्याच कृतीला नाकारतोय."

"नाकारत नाही हो. चुकीची फाइल गेली!"

"चुकीची फाइल," मुग्धा पुटपुटली आणि फोनमध्ये टिपून घेतलं. "वा."

"ओ बाई!" आप्पाजी उभे राहिले. बँडवाल्याचा आवाज, त्याला माइक लागत नाही. "टँकर मीच. निपाणीहून आलोय. आलोय, असं ल्ह्या."

आता मात्र कॅफे कोसळायचाच बाकी राहिला. लोक फोन काढून शूट करू लागले. कावेरीला ते बघवेना. बाप आपली बाजू मांडत होता आणि पोरं त्याचं रील बनवत होती.

"निहार, चौथ्याचा ट्रॅक लाव. खरं गाते."

"नको ना गं."

"लाव, नाहीतर तुझ्या मोज्यांवर भाषण करीन."

त्यानं लावला आणि ती गायली. 'तुझ्या खांद्यावरून पाहिलं मी उजेडाचं गाव, तुझ्या श्वासात ऐकलं मी माझं पहिलं नाव.' जीव ओतून गायली. वरात, दिवे, बापाचा खांदा, वरून दिसणारी दुनिया, सगळं आलं. गाणं संपल्यावर कुणीतरी खोकलं. सभ्य टाळ्या पडल्या, बारशाला पडतात तशा. मग मागून नागपूरकडचा एक जण ओरडला, "अरे, ते मोज्यावालं म्हण ना बे!"

दुपारी मुग्धानं लेखाखाली ताजा कलम टाकला. 'प्रत्यक्ष कार्यक्रमात कावेरीनं जाणूनबुजून एक भाबडी, गुळगुळीत कविता गाऊन बापावरच्या पारंपरिक गाण्यांची धमाल टिंगल केली.' फेस्टिव्हलवाल्यांनी निहारला होकाराचा अंगठा पाठवला.

संध्याकाळच्या गाडीला सोडायला कावेरी आप्पाजींना घेऊन मॅजेस्टिकच्या बस स्टँडवर गेली. रिक्षात ते गॉगल पुसत राहिले. गाडी लागली होती, कंडक्टर बाहेर चहा पीत होता.

"कसं वाटलं?" तिनं शेवटी विचारलं. या एकाच परीक्षणासाठी तिनं सहा महिने घातले होते, साडेचार ताऱ्यांसाठी नाही.

"चाल ब्येस हाय."

"आणि शब्द?"

"खोटं हाय."

"खोटं?"

"खांद्यावर कवा घेतलं मी तुला? दोन्ही हात क्लारनेटवर. खांद्यावर पोरगी घेऊन फुंकतंय कोण? सर्कशीत होतो व्हय मी?"

"पण मला आठवतंय, आप्पाजी."

"सिनेमात बघितलं असशील. तू मागनं पळायचीस. डोक्यावर लायटी घेतलेल्या बायांच्या मधनं. चपला हातात घेऊन. आई घरात बांधून ठेवायची तरी यायचीस."

आणि तिला आठवलं. उजेडाचं गाव वगैरे काही नव्हतं. जनरेटरचा धूर होता, बायांच्या पायांची गर्दी होती, आणि लांब पुढे बँडच्या लाल कोटाची पाठ. सहा महिने शब्द घासताना त्या पाठीची तिला एकदाही आठवण झाली नव्हती. खांदा गोड होता, म्हणून तिनं तो घेतला होता. मुग्धाला शिव्या देताना तिनं स्वतः काय वेगळं केलं होतं?

"मग थांबायचं तरी," ती म्हणाली. तिच्या नकळत आवाजात लहानपणीचा हट्ट आला.

"वरात थांबती व्हय?" आप्पाजींनी कपाळावरचा कलप रुमालानं पुसला, आणखी पसरला. "चाल मंद करायचो की. वळून बघितलं, तुला धाप लागलेली दिसली, की ढोलवाल्याला खूण. ढोल हळू, मग समदंच हळू. नवऱ्याकडचे बोंबलायचे. आप्पाजीची फुंक संपली, म्हातारा झाला, पुढच्या लग्नाला दुसरी बँड पार्टी सांगा."

"तुम्ही काही बोलला नाहीत त्यांना?"

"काय बोलणार? तोंडात क्लारनेट."

कंडक्टरनं 'हत्ती, हत्ती' असं कन्नडमध्ये, म्हणजे 'चढा, चढा' म्हणत सगळ्यांना गाडीत चढवलं. आप्पाजी खिडकीशी बसले, गॉगल लावला, आणि गाडी हलता हलता बाहेर वाकून ओरडले, "आणि माझं नाव घाल गाण्यात! नुसतं तू-तू काय लावलंयस? पार्टीचं बी नाव घाल!"

गाडी वळेपर्यंत ती उभी राहिली. मग निहारला फोन लावला.

"चौथं गाणं काढायला सांग."

"काढायचं? अगं, त्याच्यामुळेच तर फेस्टिव्हल..."

"काढ. डमी नको आणि ते गुळगुळीतही नको. नवीन लिहिते. आणि चालीचा टेम्पो कमी करायचाय."

"किती कमी?"

"मागून एक पोरगी पळत येतेय. तिला गाठता येईल एवढा."

पलीकडून तिचं वाक्य हळूच पुन्हा म्हटलेलं ऐकू आलं. निहार या वेळी शब्द ऐकत असावा.

"मुग्धा लिहील, दमले हे लोक," तो म्हणाला.

"लिहू दे," कावेरी म्हणाली, आणि चपला नीट घालून रिक्षा शोधायला निघाली.