कुंपणापलीकडचा बर्फ

ड्राइव्हवेवरचा कमरेएवढा बर्फ उपसता उपसता प्रीताचं डोकं फिरलं. अख्ख्या श्रूजबरी गावात जेमतेम घोटाभर बर्फ, आणि हा ढीग फक्त यांच्याच दारात! कारण तिच्या बाबांनी बर्फ अडवायला म्हणून ड्राइव्हवेला अगदी खेटून कुंपण ठोकलं होतं.

“बाबा, फेन्सने बर्फ असा अडत नाही! जोर असतो तोवर वारा बर्फ जमिनीलगत पळवत नेतो. फेन्सपाशी जोर कमी झाला की आणलेलं सगळं पलीकडे टाकून देतो. ग्रीनलंडच्या बर्फावर पाच वर्षं मी हेच तर मेझर करत होते!”

“मग आधी सांगायचं नाही का?”

“माझा थिसिस वाचलात ना तुम्ही? त्यात अख्खं प्रकरण आहे, चित्रांसकट!”

बाबा बुटांवरचा बर्फ झटकू लागले. प्रीता तरातरा आत गेली. थिसिस देवघरात होता, सरस्वतीच्या शेजारी. वरचं प्लास्टिकसुद्धा कुणी काढलं नव्हतं आणि त्यावर चार दसऱ्यांचं हळदकुंकू साचलं होतं.

तिने तो उचलायला हात पुढे केला, तोच मागून बाबा ओरडले, “अगं, आंघोळ कुठे झालीय तुझी? हात लावू नकोस त्याला!”