वेबर्नच्या अजिंक्यांचा शेवटचा चेंडू

मित्रांनो, मी एक जुना चेंडू आहे. अंगावर सोनेरी रंगाचे पोपडे दिसतात म्हणून मला थोर समजू नका, आणि एका बाजूनं चपटा आहे म्हणून माझी कीवही करू नका. कीव करायचीच असेल तर त्या नऊ जणांची करा, ज्यांच्या हाती मी एका दुपारपुरता सापडलो. मी करत नाही. माझ्याकडे त्यांच्यासाठी टोमणे राखून ठेवलेले आहेत, ते पुढे येतीलच.

माझा जन्म वेबर्न गावातल्या ब्रान्टांच्या दुकानात झाला. घोड्यांचे लगाम, खोगिरं, पट्टे असा सगळा साज तिथं शिवला जायचा. दुकान ऑटिली ब्रान्ट नावाच्या बाई चालवायच्या. त्यांनी आधी रबराची गोळी घेतली, तिच्यावर लोकरीचं सूत घट्ट घट्ट गुंडाळलं आणि वरून मेण लावलेल्या दोऱ्यानं घोड्याचं कातडं शिवलं. कातडं एका उमद्या पांढऱ्या घोड्याचं होतं, हे मी आवर्जून सांगतो. सुताबद्दल मात्र मी सहसा बोलत नाही.

पण आता लपवून काय करू! त्यांचा भाचा लेव्ही शेजारीच बसला होता.

"आत्या, हे सूत कुठलं गं?"

"तुझ्या बापाचा मोजा उसवला. चांगली लोकर होती, वाया कशाला घालवायची?"

"धुतला होतास ना?"

"चेंडूला नाक असतं का रे? गप बस आणि दोरा ओढ."

मला नाक नाही हे खरं. अपमान मात्र मला व्यवस्थित कळतो. बाहेर उमदा घोडा आणि पोटात मेलेल्या माणसाचा मोजा! असा हा माझा कुलवृत्तांत.

आता त्या संघाविषयी. त्या वर्षी वेबर्नच्या बड्या मंडळींना चळ लागला. शेजारच्या गावांनी पगारी खेळाडू ठेवून बेसबॉलचे संघ काढले, मग आपण का मागे राहायचं? त्यांनी पूर्वेकडच्या शहरांतून आठ खेळाडू आणवले, नवव्या जागी गावातल्या लेव्हीला घेतलं आणि एकही सामना खेळायच्या आधी संघाचं नाव ठेवलं 'वेबर्नचे अजिंक्य'. हसू नका. किंवा हसा, मी कोण अडवणार!

तेवढ्यावर ते थांबले नाहीत. त्या काळी रीत अशी होती की, जिंकणाऱ्या संघानं सामन्याचा चेंडू घरी न्यायचा, त्याला सोनेरी रंग द्यायचा आणि त्याच्यावर दोन्ही संघांच्या धावा लिहून तो मांडून ठेवायचा. म्हणून अजिंक्यांनी अक्रोडाच्या लाकडाचं एक देखणं कपाट करून घेतलं. वीस खण, प्रत्येक खणात निळी मखमल. ते गावच्या न्हाव्याच्या दुकानात, भर दर्शनी भिंतीवर लावलं. मे महिन्यात ते रिकामं होतं, जूनमध्ये रिकामं होतं, आणि जुलैत न्हाव्यानं खालच्या रांगेत दाढीच्या साबणाचे कप ठेवायला सुरुवात केली. "तात्पुरते हो," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा.

दहा सामने झाले होते. दहाही हरले. माझे दहा मोठे भाऊ एकेक करून परगावी गेले.

हरलेल्या कप्तानानं चेंडू आपल्या हातानं द्यायचा, चार शब्द बोलायचे आणि विरोधकांच्या नावानं तीनदा जयजयकार करायचा, हीसुद्धा रीतच. अजिंक्यांचा कप्तान ॲम्ब्रोस टटल हे भाषण इतकं सुरेख करायचा की लोक खास ते ऐकायला थांबायचे. "सद्गृहस्थहो, पराभव हासुद्धा एक पाहुणा आहे," वगैरे वगैरे. दहा वेळा आलेल्या माणसाला आमच्याकडे पाहुणा म्हणत नाहीत, बिऱ्हाडकरू म्हणतात.

या टटलच्या मिशांना मेण लावलेलं असायचं आणि उन्हात ते वितळून हनुवटीवर यायचं. पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, होता फर्गस मल्क्वीन. त्याच्या गालात कायम तंबाखूची गोळी. तो आधी हातावर थुंकायचा आणि मग त्याच हातानं मला धरायचा. अरे, काय ही शिसारी! उमद्या पांढऱ्या घोड्याचं कातडं दुसऱ्याच डावात वापरलेल्या चहापत्तीसारखं दिसायला लागलं. बाकीच्यांची नावं मला आठवत नाहीत. मी आठवायचा प्रयत्नही केलेला नाही.

राहिला लेव्ही. तो कॅचर होता. फटका मारणाऱ्याच्या मागं उभं राहून, सुटलेला प्रत्येक चेंडू उघड्या हातांनी झेलायचा, हे त्याचं काम. तेव्हा हातमोजे नव्हते. दात सांभाळायला तो रबराचा एक तुकडा दातांत धरायचा, आणि हात सांभाळायला काहीच नव्हतं. वयाच्या बाविसाव्या वर्षी त्याची बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी झाली होती. बारा वर्षांचा असल्यापासून याच कामाचं स्वप्न पाहिलं म्हणे त्यानं. स्वप्न बघायचंच तर जरा बरं बघावं माणसानं!

ऑगस्टमधल्या त्या दुपारी रोझडेलचा संघ आला. मैदानावर उतरण्याआधी अजिंक्यांचे अध्यक्ष, धान्याचे व्यापारी पिंकनी, यांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं.

"आज हरलात तर संघ बंद," ते म्हणाले. "निळे मोजे धुऊन परत करायचे. फाटलेले असतील तर शिवून."

आठ जणांनी खांदे उडवले. त्यांना आगगाडी होती, दुसरी गावं होती. लेव्हीच्या तोंडचं पाणी पळालं. त्याच्यासाठी उद्यापासून पुन्हा तेच दुकान, तीच सुई, तेच मेण, आणि जन्मभर त्याच गावातली तीच तोंडं. आणि माझ्यासाठी? माझ्यासाठी त्या अक्रोडाच्या कपाटाचा पहिला खण! मी ठरवून टाकलं होतं, मोज्याचं असो की कशाचं, माझं पोट आज निळ्या मखमलीवर विसावणार. म्हणजे लेव्हीला जे हवं होतं तेच मला हवं होतं. एवढ्यापुरता मी त्याच्या बाजूनं होतो.

आणि चमत्कार पाहा, ही मंडळी त्या दिवशी बरी खेळली! नाणेफेक हरून पहिली फलंदाजी केली आणि चौदा धावा काढल्या. रोझडेलच्या शेवटच्या डावात त्यांच्या तेरा धावा झाल्या, दोन गडी बाद झाले, आणि दोघे जण बेसवर, म्हणजे धावेच्या मधल्या थांब्यांवर, पळायला टपून उभे होते. आणखी एक बाद, की आम्ही जिंकलो. टटल मिशीवर हात फिरवायला लागला. जिंकल्यावर काय बोलायचं ते त्यानं कधी पाठच केलं नव्हतं, बहुधा तेच जुळवत असावा.

रोझडेलच्या फटकेबाजानं बॅट फिरवली. मी तिला निसटता लागलो आणि उंच उडून मागं, प्रेक्षकांच्या घोडागाड्यांकडे गेलो. असा मागं गेलेला चेंडू जमिनीवर एकच टप्पा पडून झेलला तरी त्या काळी गडी बाद व्हायचा. दोन टप्पे पडले की नाही. लेव्ही पाठमोरा धावत सुटला. लिंबूपाण्याच्या टेबलाला वळसा घालून, बायकांच्या झग्यांमधून वाट काढत तो एका बग्गीखाली पालथा पडला आणि धुळीचा लोट उठला. मी एकदा आपटलो. मग पुन्हा आपटलो, अगदी हलकेच, चार बोटं उंच. आणि मग त्याच्या त्या वेड्यावाकड्या बोटांत अडकलो.

हे कुणीही पाहिलं नाही. पाहिलं फक्त मी, लेव्हीनं आणि बग्गीच्या घोड्यानं.

लेव्ही मला हातात धरून बाहेर आला आणि गावानं टोप्या उडवल्या. टटलनं मल्क्वीनला मिठी मारली. पंच होते तिसऱ्याच गावचे दंतवैद्य, हॅस्केल नावाचे उंच टोपीवाले गृहस्थ. त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. त्या काळी पंचाला दिसलं नाही तर तो सरळ खेळाडूलाच विचारायचा. माणूस सभ्य आहे असं गृहीत धरून केलेला नियम होता तो. टटलला हा नियम फार प्रिय. त्या मोसमात त्यानं चार वेळा छातीवर हात ठेवून खोटं सांगितलं होतं, आणि तरीही हरला होता!

"मिस्टर ब्रान्ट," हॅस्केल म्हणाले, "मला दिसलं नाही. तुम्हीच सांगा. एक टप्पा की दोन?"

एक म्हण! मी आतून किंचाळलो. एक म्हण रे गाढवा! तुझ्या बापाचा मोजा आहे पोटात, त्याची शपथ, एक म्हण!

लेव्हीनं दातांतला रबराचा तुकडा काढला. माझ्याकडे पाहिलं. मग मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या आत्याकडे पाहिलं. ती बाई हाताची घडी घालून नुसती उभी होती.

"दोन," तो म्हणाला.

"काय?" टटल ओरडला. "अरे, नीट आठव! धूळ होती, तुला कसं दिसेल?"

"दिसलं नाही, कप्तान. हाताला कळलं. दोन."

"हाताला? त्या हाताला काटा आणि चमचा यातला फरक कळत नाही, टप्पे कळतात होय रे?"

माझ्या मते टटल आयुष्यात एकदाच बरोबर बोलला, आणि ते हेच. असला शहाणपणा काय कामाचा, तुम्हीच सांगा! कुणी मागितलेलं खरं?

पण सामना अजून गेला नव्हता, हे ध्यानात घ्या. फटकेबाज पुन्हा उभा राहिला. मल्क्वीननं थुंकून मला फेकलं. आणि त्या घटकेला अजिंक्यांचा कप्तान काय करत होता? दुसऱ्या बेसवर उभं राहून, फटकेबाजाकडे पाठ करून, लांबच्या क्षेत्ररक्षकाला सांगत होता, "बघितलंस ना हे ध्यान? अरे, बेडकाला पालखीत बसवलं तरी तो डबक्यातच उडी..."

तेवढ्यात फटका बसला आणि मी त्याच्या दोन्ही पायांच्या मधून गेलो. सरपटत, हळू, एखाद्या म्हाताऱ्या कोंबडीच्या चालीनं. नुसतं खाली बघितलं असतं तर त्यानं मला बुटानंही अडवलं असतं. दोघे पळून आले. रोझडेल पंधरा, वेबर्न चौदा.

आणि मग टटल गावाकडे वळून, लेव्हीकडे बोट दाखवून म्हणाला, "यानं हरवलं आपल्याला!" गावानं मान डोलावली. लोकांना पायांमधून गेलेला चेंडू दिसत नाही. खरं बोललेला माणूस मात्र लांबूनही दिसतो.

भाषण करायलाही टटल थांबला नाही. "तूच दे आता, सत्यवान!" असं म्हणून त्यानं मला लेव्हीच्या छातीवर फेकलं. लेव्ही रोझडेलच्या कप्तानापुढे गेला. तो एक पोट सुटलेला, घामेजलेला माणूस होता.

"मी असतो तर एक म्हणालो असतो," तो पुटपुटला.

"माहीत आहे," लेव्ही म्हणाला आणि मला त्याच्या हातात ठेवलं.

आत्यानं फक्त एवढंच विचारलं, "बोट मोडलं का रे?"

"एक."

"चल, व्हिनेगरमध्ये बुडवू."

अजिंक्य तिथंच संपले. मे ते ऑगस्ट, एवढंच त्यांचं आयुष्य. न्हाव्यानं उरलेल्या खणांतही कप ठेवले. लेव्ही दुकानात परतला, आणि पुढली कित्येक वर्षं पोरंसोरं त्याला पाहून दोनदा टाळी वाजवायची, टप्-टप्.

माझी गोष्ट म्हणाल तर मला सोनं मिळालं! रोझडेलवाल्यांनी मला सोनेरी रंग दिला आणि वर '१५–१४' असं लिहून बेचाळिसाव्या खणात ठेवलं. शेजारी एक्केचाळीस सोनेरी बढाईखोर. दिवसभर आपली धावसंख्या सांगायचे. पुढे दोनच वर्षांत तोही संघ बुडाला, आणि आम्हा सगळ्यांना एका पेटीत भरून शाळेच्या माळ्यावर टाकलं. तिथं पस्तीस वर्षं काढली मी. उंदरांनी आम्हाला कुरतडलं, ओलीनं मी एका बाजूनं चपटा झालो. सोन्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. अंधारात सगळेच काळे.

मग एका दुपारी शाळेच्या गाडीच्या घोड्यांचा साज दुरुस्त करायला एक म्हातारा आला. जुने पट्टे काढायला माळ्यावर चढला आणि पेटी उघडून बसला. एक एक चेंडू उचलायचा, शिवण बोटानं चाचपायचा, ठेवून द्यायचा. माझ्यापाशी त्याचं बोट थांबलं. आल्याच्या गड्ड्यासारखं बोट.

"हा आत्याचा टाका," तो म्हणाला.

मला वाटलं आता हा रडणार, मला उराशी धरणार, घरी नेऊन काचेत ठेवणार. माझी तयारी होती! त्यानं खिशातून दाभण काढला आणि माझ्या अंगावरचं सोनं खरवडायला लागला. माझं सदतीस वर्षांचं सोनं! मग खिडकीतून खाली डोकावला. मैदानात पोरं चिंध्यांच्या गोळ्यानं खेळत होती.

"ए, हा घ्या," म्हणून त्यानं मला फेकून दिलं.

फेकून! पण हवेत गेलो आणि, खरं सांगतो, मला बरं वाटलं. तो ठोका, तो वारा, ते गरगरणं! पाचव्या-सहाव्या फटक्याला मी लाकडांच्या ढिगामागं जाऊन पडलो, आणि नेल नावाची एक शेंबडी, दोन वेण्यांची पोरगी माझ्यामागं धावत आली. मला धरलं. ढिगामागून कुणालाच काही दिसत नव्हतं.

"नेल! एक टप्पा की दोन?" पलीकडून सगळे ओरडले. "एक असला तर आपण जिंकलो गं!"

मी तिला शिकवलं नाही काही. यावेळी मी गप्प बसलो आणि फक्त वाट पाहिली. वर खिडकीत म्हातारा पट्ट्याला टाका घालत होता, खाली बघतसुद्धा नव्हता.

नेलनं नाक पुसलं. ते माझ्यावरच.

"दोन, मरा मेल्यांनो!" ती ओरडली आणि रागारागानं मला दगडावर असं आपटलं की मोज्यापर्यंत हादरलो.

तर मित्रांनो, वस्तू जपा असं सगळे सांगतात. मी सांगतो, मला जपू नका. मला काचेत ठेवू नका, सोनं लावू नका. मला मारा, फेका, चिखलात लोळवा, नाकसुद्धा पुसा. फक्त तंबाखू खाणाऱ्याच्या हाती देऊ नका, आणि ढिगामागं पडलो तर टप्पे नीट मोजा. मी मोजत असतोच.