मास्तरांची झाकली मूठ

मास्तरांना दम लागतो हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं, आणि मास्तरांची त्याला मुळीच हरकत नव्हती. फुप्फुसं थकली म्हणून शिंप्यानं दुकान बंद ठेवलं, यात कसली लाज? पण बोटांना संधिवात झालाय, कात्री धरवत नाही, हे कोण सांगणार! झाकली मूठ सव्वा लाखाची. भर उन्हातही ते स्वेटर घालून बसत. दम्याच्या माणसाला गारवा बाधतो, असं लोकच म्हणत. नातीच्या कोटाचं कापड दुकानातल्या टेबलावर तसंच पडून होतं. "जरा दम कमी होऊ दे, मग कापतो," ते बायकोला सांगत.

दम मात्र वाढतच चालला. घराखालच्या दुकानाच्या पायऱ्या उतरणंही जमेना. डॉक्टरीणबाईंनी तोंडात फवारायच्या पंपाचं औषध वाढवलं. मास्तर पंप घेऊन आतल्या खोलीत जात आणि बाहेर येऊन "घेतला" म्हणत.

एका सकाळी बायकोनं खिडकीतला पंप पुसायला उचलला. इतके दिवस वापरलेला पंप, पण हाताला नव्यासारखा जड लागला.

"अहो, माझ्यासमोर घ्या बघू."

मास्तरांनी पंप तोंडात धरला. अंगठा लावला, मग दोन्ही हात लावले. पंप काही दबेना.

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस. कात्रीचंही तेच." ते खाली बघत म्हणाले, "तुला कळलं असतं तर कोट दुसऱ्या शिंप्याकडे गेला असता."

तिला भयंकर राग आला. "इथे जीव जायची वेळ आली आणि तुम्ही अब्रूला ठिगळं लावत बसलात!"

मग डोळे पुसून ती शेजारी टेकली. "धरा तोंडात. तुम्ही ओढा, मी दाबते."

डॉक्टरीणबाईंनी बोटांसाठी गोळ्या दिल्या आणि चार शब्द सुनावले. काही आठवड्यांनी मास्तर मध्ये एकदा टेकून का होईना, पायऱ्या उतरून दुकानात आले. खडू मुठीत धरून त्यांनी कापडावर रेघ आखली. जन्मभर काजं-बटणं केलेल्या बायकोनं कात्री उचलली. मास्तर रस्त्याकडे बघत बसले.

"माझी रेघ सोडून कापलंस?"

"वाकडी होती."

त्यांनी कापड जवळ ओढलं. काप सरळ होता. त्यांना वाईट वाटलं, आणि हायसंही वाटलं.

मग त्यांनी स्वेटर डोक्यातून काढला. आतल्या शर्टाची सगळी बटणं उघडी होती.

"हीही लाव," ते म्हणाले.