सराव कमरेचा, मुक्काम पिशवीत

मित्रांनो, मी एक जुना, बुटका, पाच गोळ्यांचा रिव्हॉल्वर आहे. लपवून बाळगता यावं म्हणून कारखान्यात मला मुद्दाम ठेंगणा घडवला. पण मी खेळणं नाही. मला कुणी खेळणं समजलं की माझं डोकं फिरतं.

अमेरिकेतल्या मिसुरी राज्याच्या डोंगराळ भागात वर्लीन स्ट्राउड नावाची अठ्ठावन्न वर्षांची नर्स आहे. कच्च्या रस्त्यांनी एकटीच गाडी हाकत ती घरोघरच्या म्हाताऱ्यांची मलमपट्टी करते. एका पिवळ्या ट्रकवाल्याने तीनदा तिचा पाठलाग केला, तेव्हा तिने मला विकत घेतलं.

महिन्यातून एका शनिवारी जुन्या खडीच्या खाणीत नेमबाजीचे सामने भरायचे. इतरांची पिस्तुलं पंधरा गोळ्यांची. माझ्या पाच संपल्या की वर्लीन पुन्हा भरत बसायची, आणि तोवर आपण जेवून येतो म्हणून लोक चिडवायचे. वर्षभर आम्ही शेवटचे आलो. पण बाई चिवट. पुढे तिचा हात कमरेच्या कातडी खोळीकडे जायचा, मी बाहेर यायचो आणि निशाणाला उभ्या केलेल्या लोखंडी ताटल्या धडाधड पडायच्या. माझं कौतुक होऊ लागलं.

तिथे पिशवीतून हत्यार काढायला बंदी होती, कारण काढताना नळी शेजाऱ्यावर फिरते. नियम योग्यच होता. पण बाकीचे दिवस मी कुठे असायचो? तिच्या पिशवीच्या तळाशी, हातमोजे आणि खोकल्याच्या गोळ्यांखाली.

सामने घेणाऱ्या हॉइटने तिला हटकलं. "वर्लीन, इथे कमरेला लावतेस, रस्त्यावर पिशवीत टाकतेस. वेळ आली की हात कुठे जाईल तुझा?"

"माझ्या कामाच्या पायजम्याला नाडी आहे रे. पट्टा काय तुझ्या मिशीला बांधू?"

सगळे हसले. हॉइटही हसला. मी मात्र आत तळमळत राहिलो.

नोव्हेंबरात, भर दुपारी, वाणसामानाच्या दुकानाबाहेर पिवळा ट्रक तिच्या गाडीला आडवा आला. माणूस उतरला. वर्लीनचा हात विजेसारखा कमरेला गेला. तिथे नाडी. पुन्हा गेला. पुन्हा नाडी. हात चुकला नव्हता, मित्रांनो. दोन वर्षं ज्या जागी जायला शिकवला, त्याच जागी तो गेला. मी पिशवीत, तिच्या खांद्याला लटकत होतो. त्याने पिशवी हिसकली आणि ट्रक पळवला.

ती वाचली. पण तिने भरलेल्या पाचही गोळ्या घेऊन मी आता त्याच्या ट्रकच्या कप्प्यात आहे. काल त्याने मला काढून उगाच चापावर बोट ठेवलं. नेम धरल्याशिवाय वर्लीनने तसं कधी केलं नाही.

मला हात नाहीत, नाहीतर तुमच्यापुढे जोडले असते. मोठे झालात आणि माझ्यासारखा कुणी बाळगलात, तर जिथे बाळगाल तिथूनच काढायला शिका. जमत नसेल तर घरी कुलपात ठेवा, त्यात कसली आलीय लाज? आणि मी तुम्हाला कुठे पडलेला दिसलो, तर हात लावू नका. मोठ्या माणसाला बोलवा.

ट्रकचा वेग कमी होतोय. कुणाच्या तरी दारात आम्ही थांबतोय, आणि तो कप्पा उघडतोय.